आजींचे पेन्शन अडले आहे : गावपातळीवर मदत कशी उभी करावी?

प्रश्न (खानापूर तालुका) : आमच्या वाडीतील सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे संध्या सुरक्षा पेन्शन (कर्नाटक सरकारचे ज्येष्ठांसाठीचे मासिक पेन्शन) चार महिन्यांपासून हाती आलेले नाही. बोटाचा ठसा जुळत नाही, कागद कन्नडमध्ये आहेत आणि मुलगा गोव्यात कामाला आहे. अमेरिकेत अशा कुटुंबांसाठी समुदाय कृती संस्था असतात, असे वाचले. त्या नेमके काय करतात?

उत्तर (निपाणी) : १९६४ च्या कायद्यातून त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या संचालक मंडळात किमान एक तृतीयांश जागा गरीब कुटुंबांच्या प्रतिनिधींना द्याव्याच लागतात, आणि मला हीच बाब सर्वांत मोलाची वाटते, कारण थंडीतील इंधनाचे बिल, घराची डागडुजी, वृद्धांचे जेवण यांपैकी आधी कशासाठी मदत हवी, हे त्यामुळे गरजूंना स्वतः सांगता येते.

उत्तर (बेळगाव) : आधी पासबुक भरून घ्या, कधीकधी रक्कम आधारशी जोडलेल्या दुसऱ्याच खात्यात जमा होत असते. त्यानंतर नाडकचेरीत, म्हणजे जवळच्या सरकारी महसूल कार्यालयात, चौकशी करा. पासष्टीपुढील पात्र ज्येष्ठांना दरमहा १२०० रुपये मिळतात. कन्नड वाचणारे कोणीतरी सोबत असू द्या.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पासबुक त्यांनी तांदळाच्या डब्यात जपून ठेवले आहे. सोमवारी मीच त्यांना घेऊन जातो.