वाड्याच्या कडीपाटातून स्पीकर कॅबिनेट: अख्खा सागवान की एमडीएफवर व्हिनियर?

रंधा_रेडिओ
नमस्कार मंडळी. आजोळचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, सगळं लाकूड वखारीत जायच्या आत मामानं कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) बऱ्याच फळ्या आणि दोन तुळया बाजूला काढून ठेवल्या. वरून धुरानं काळ्याकुट्ट आहेत पण एका फळीवर रंधा मारून बघितला तर आत मस्त पिवळसर सोनेरी सागवान, वाससुद्धा येतोय अजून. जाडी इंचभर. माझ्याकडे साडेसहा इंची वूफर आणि सिल्क डोम ट्वीटरची जोडी पडून आहे, क्रॉसओव्हर (दोघांत आवाज वाटून देणारं सर्किट) तयार आहे, बारा-तेरा लिटरचे सील्ड (हवाबंद) बॉक्स करायचेत. आता गोची अशी की आमचे सुतार म्हणतात सरळ एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) घ्या आणि वरून व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) मारा, अख्ख्या लाकडाचे बॉक्स पहिल्या पावसाळ्यात तडकतील. ऑडिओवाले मित्र म्हणतात सागवानाचा आवाज गोड येतो, व्हिनियर कसला मारतोस. कुणाचं ऐकू? शिसवाची पण एक फळी आहे, ती समोर लावायचा विचार आहे. आणि पॉलिश कसलं, पीयू (पॉलियुरेथेन), मेलामाइन की जुनं लाखेचं?

सुतारपक्षी
तुमच्या सुताराची भीती खरी आहे पण उपाय आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, सगळा खेळ एवढाच. सागवान त्यातल्या त्यात शहाणं लाकूड, तरी २०० मिमी रुंदीची फळी ओल ८ टक्क्यांवरून १४ वर गेली की एक ते सव्वादोन मिमी फुगते, किती ते ती लॉगमधून कशी चिरलीय त्यावर. त्यामुळे दोन बाजू, वर आणि खाली अशा चारही फळ्यांच्या रेषा (लाकडाचे तंतू) बॉक्सभोवती पट्ट्यासारख्या फिरत गेल्या पाहिजेत. मग चारही फळ्या मिळून फक्त मागेपुढे फुगतात, खोली मिलिमीटरभर वाढली तर कुणाला कळतंय. पुढची आणि मागची पाटी मात्र १८ मिमी एमडीएफ किंवा बर्च प्लायची ठेवा आणि बिनधास्त चिकटवा, कारण तिच्या चारी कडांना फळ्यांची लांबी लागते आणि लांबी हलत नाही.

म्हणूनच शिसवाची अख्खी फळी समोर लावू नका, ती आडवी फुगणार आणि बाजूच्या फळ्या जागच्या हलणार नाहीत, मग एक तर सांधा उघडणार नाहीतर फळी चिरणार. शिसवच हवं असेल तर बँडसॉवर दोन-अडीच मिमीचे काप काढून एमडीएफच्या पाटीवर चिकटवा, आणि तसाच एक थर आतल्या बाजूनंही द्या नाहीतर पाटी वाकते.

कोपऱ्याला नुसता ४५ अंशांत कापलेला सांधा (मायटर) ग्लूवर टिकत नाही, शेवटाच्या रेषा ग्लू पिऊन टाकतात. खाच पाडून प्लायची जीभ घाला, किंवा हात बसलेला असेल तर डव्हटेल (एकमेकांत अडकणारे दाते) करा, दिसतातही भारी. सागवानात तेल असतं म्हणून रंधा मारल्यावर त्याच दिवशी चिकटवा, आधी ॲसिटोननं पुसून. शिळ्या पृष्ठभागावर फेविकॉल वरवर बसतो.

बुधवारपेठी
आवाजाबद्दल लिहितो, कारण "गोड" हा शब्द वाचला की माझी चिडचिड होते 😀 स्पीकरच्या बॉक्सनं गायचं नसतं. पेटी, तंबोरा यात लाकूड वाद्याचा भाग आहे, तिथं ते बोललंच पाहिजे. गिटार ॲम्पचंही तसंच, १९५० च्या दशकातले फेंडरचे ट्वीड ॲम्प अख्ख्या पाइनचे असायचे आणि लोक त्या कॅबिनेटच्या घुमण्यासकट तो आवाज शोधतात. पण घरात भीमसेनजी ऐकायचे तर बॉक्सनं स्वतःचं काही घालू नये. टणक लाकडाच्या पातळ फळीवर बोटानं टकटक करून बघा, टणकन वाजते, तोच सूर गाण्यात मिसळतो. एमडीएफ थडथड वाजतो म्हणून कंपन्या तो वापरतात, स्वस्त आहे हे तर आहेच.

यावर बीबीसीनं भरपूर काम केलंय. त्यांच्या एलएस३/५ए मॉनिटरच्या (स्टुडिओ स्पीकरच्या) भिंती फक्त १२ मिमी बर्च प्लायच्या आणि आतून डांबरी शीट, वरून सागवानाचं वगैरे व्हिनियर. त्यांच्या संशोधन विभागाचा १९७७ चा कॅबिनेटवरचा रिपोर्ट आहे, मुद्दा असा की भिंत जाड करत बसण्यापेक्षा तिचं कंपन मारा. म्हणजे तुमची फळी रंधून १८-२० मिमी राहिली तरी चालेल, आतून कारच्या दारात लावतात ती डॅम्पिंग शीट चिकटवा, ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते. सागवान दिसायला बाहेर, काम करायला आतलं डांबर. मित्रांना सांगू नका, त्यांना गोडच ऐकू येईल.

रंधा_रेडिओ
दोघांचे आभार, रेषा फिरवायची गोष्ट डोक्यात फिट बसली. आत ब्रेस (आधाराची पट्टी) लावायचा विचार होता पुढच्या पाटीपासून मागच्यापर्यंत, मग तो अडवणार का लाकडाला?

सुतारपक्षी
भिंतीला पूर्ण लांबीभर चिकटवलात तर अडवणार. त्यापेक्षा बॉक्सच्या मध्यावर प्लायची चौकट उभी करा, पुढच्या पाटीला समांतर, मध्ये मोठं भोक पाडून. भिंतींना आधार मिळतो आणि लाकूड मोकळं राहतं.

मिरजेचा_भाचा
पॉलिशवर मी बोलतो, आजोळ मिरजेचं आणि लहानपण सतारमेकर गल्लीत गेलंय (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेवढाच आपला टेंभा). लाखेचा चपडा घ्या, लिटरभर स्पिरिटला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, रात्रभर विरघळू द्या, मलमलच्या फडक्यातून गाळा. फळी आधी १२०, १८०, २२० पेपरनं रेषेच्या दिशेनंच घासायची, आडवा एक हात मारलात तर तो ओरखडा पॉलिशखाली लख्ख दिसतो. मग कापसाचा बोळा जुन्या सुती कापडात बांधून पॉलिश ओढायचं, बोळा फळीच्या बाहेरून चालत यावा आणि चालतच बाहेर जावा, मध्ये थांबला की चिकटला आणि खालचा थर उचलला. बोळा अडखळायला लागला तर कापडावर जवसाच्या तेलाचा एक थेंब. पातळ थर, मध्ये वाळू द्यायचं, घाई नाही. सागवानाची छिद्रं मोठी असतात, आरशासारखं हवं असेल तर पहिल्या थरांवर ४०० चा पेपर पॉलिशनंच ओला करून फिरवा, त्याचीच पूड छिद्रात बसते आणि रंग जुळवायची कटकट नाही. मला स्वतःला छिद्रं थोडी दिसलेली आवडतात, सनमायकासारखं सपाट झालं तर सागवान कशाला लावलं.

जुलै-ऑगस्टमध्ये हे करू नका, हवेतली ओल धरून पॉलिश पांढरट पडतं. दिवाळीनंतर करा. लाखेचा तोटा म्हणजे त्यावर दारूचा ग्लास किंवा गरम कप ठेवला की डाग पडतो, पण स्पीकरवर कप ठेवणाऱ्याला घरात घ्यावंच का. आणि डाग पडला तरी दोन हात बोळा फिरवला की गेला. पीयूचा पोपडा निघाला तर सगळं खरवडायला लागतं. पीयूच करायचं असेल तर आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या, शिसवावर तर नक्की, नाहीतर तेलकट लाकडावर काही पीयू नीट वाळतच नाही.

एक गंभीर गोष्ट, जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

फ्रँकफर्टचा_पाहुणा
शिसव परदेशात पाठवणार असाल तर जपून. २०१७ पासून शिसवाच्या वंशातली (डाल्बर्जिया) सगळी लाकडं सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण स्पीकर म्हणजे वाद्य नव्हे. तयार वस्तूत लाकडाचं वजन कमी असेल तर वेगळी सवलत आहे, तरी कुरियरच्या आधी चौकशी करा.

रंधा_रेडिओ
नाही हो, सदाशिव पेठेतच राहणार आहेत. मग ठरलं, कडीपाटाचे बॉक्स, एमडीएफची पाटी, शिसवाचे काप. तुळया पण चिरून घेऊ का लगेच? आणि मिलवाला जुनं लाकूड बघून नाक मुरडतोय.

सुतारपक्षी
मुरडणारच, एक खिळा लागला की त्याचं पातं गेलं. स्पीकरवाले आहात ना, जुन्या वूफरचं मॅग्नेट फळीवरून फिरवा, जिथं ओढ लागेल तिथं खडूनं खूण करा आणि खिळे उपटूनच न्या. तुळई चिरली तर इंच-सव्वा इंचाच्या फळ्या काढा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचा, वर वजन ठेवा, सावलीत. शंभर वर्षांचं लाकूड असलं तरी चिरल्यावर आतला ताण सुटतो आणि फळी थोडी फिरते, फिरून झाली की मगच मापाला आणा. मास्क लावा रंधा मारताना, सागवानाची आणि शिसवाची धूळ दोन्ही नाकाला वाईट, त्यात तुमच्यावर वाड्याची काजळी फुकट.