मदत हवी आहे: घरी केलेला थाई आइस टी पाणचट होतो

बँकॉकच्या रस्त्यांवर ‘चा येन’ या नावाने मिळणारा थंडगार नारिंगी चहा मी घरी करून पाहत आहे. तिथून आणलेल्या मिश्रणात खाण्याचा रंग आधीच असल्यामुळे रंग उत्तम उतरतो. मात्र २ मोठे चमचे पूड २५० मिली उकळत्या पाण्यात ५ मिनिटे मुरवून, कापडी गाळणीने गाळून, कंडेन्स्ड मिल्क घालून पेला बर्फाने भरला की चव पाणचट होते. आपल्या चहासारखी पूड उकळण्याचा मोहही एकदा झाला आणि नुसता तुरटपणा पदरी पडला. तिथे वरून ओततात ते बिनसाखरेचे आटवलेले दूध मला इथे मिळालेले नाही. त्याऐवजी घरी निम्मे आटवलेले म्हशीचे दूध चालेल, की बर्फावर साय तरंगेल? शिवाय चहा पूर्ण गार करूनच बर्फावर ओतावा का? जाणकारांनी कृपया प्रमाणासह सांगावे.