मूलद्रव्यांचे नमुने दिवाणखान्यात मांडताना

प्रश्न, माहीमकर:
समुद्रालगतच्या आमच्या घरात तांबे, गंधक, चांदी, बिस्मथ, आयोडीन व गॅलियम यांचे खरे नमुने आवर्तसारणीच्या क्रमाने भिंतीवर मांडण्याचा विचार आहे. खाऱ्या, दमट हवेत ते टिकतील का? घरात लहान मूल आहे.

प्रतिसाद, जुना प्रयोगशाळावाला:
गॅलियम २९.७६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे मुंबईच्या उन्हाळ्यात ते बाटलीत पाऱ्यासारखे डुलत राहील आणि वातानुकूलन यंत्र चालू केल्यावर कधीतरी पुन्हा गोठेल. गोठताना ते सुमारे ३ टक्के प्रसरण पावत असल्यामुळे काचेची बाटली काठोकाठ भरू नये, आणि चौकट ॲल्युमिनियमची मुळीच घेऊ नये, कारण सांडलेले गॅलियम त्या धातूला ठिसूळ करते. आयोडीन मात्र काचेचे तोंडच वितळवून बंद केलेल्या काचनळीत हवे. साध्या बुचातून त्याची वाफ झिरपून शेजारचे धातू गंजवते. गंधकही चांदीपासून दूर ठेवावे, नाहीतर चांदी काळवंडेल. सोडियम आणि पारा यांचा मोह, मूल घरात असताना, सरळ सोडावा.

प्रतिसाद, गिरगावकर:
तांब्यासाठी मुंबईतल्या तांबाकाटा या तांब्या-पितळेच्या बाजाराला चक्कर मारावी. पेन्सिलीचे शिसे कार्बन म्हणून लावू नये, त्यात चिकणमाती मिसळलेली असते.

प्रतिसाद, माहीमकर:
आभारी आहे. चौकट सागवानी करतो. बिस्मथचे पायऱ्यापायऱ्यांचे इंद्रधनुषी स्फटिक मधोमध ठेवावेत म्हणतो, मग आवर्तसारणीचा क्रम थोडा बिघडला तरी चालेल.