तातडीने मदत हवी: मोबाइल टीव्हीला जोडला की पिक्चरचा आवाज येतो, चित्र काळं

विश्रामबागकर
पाच दिवस तापाने अंथरुणावर आहे, अजून आठ दिवस हलायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. दुकानापायी थिएटरात पाऊल नाही, शेवटचा पाहिला तो २०१६ चा सैराट. म्हटलं आता सगळे राहिलेले बघून घेऊ. मोबाइल हातात धरवत नाही, हात ठणकतात, म्हणून टीव्हीला जोडला. आवाज येतो, पडदा काळा. केबल दोनदा बदलून आणली. दुकानदार म्हणतो केबल चांगली आहे. कृपया लवकर सांगा. कुठला सिनेमा बघायचा ते माझं मी ठरवीन.

तंत्रवेडा_मिरज
टीव्ही कुठला? स्मार्ट आहे का? केबलने जोडला की वायफायवरून? फोन कुठला? कुठल्या ॲपवर काळं दिसतं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार दादा.

गावभाग
श्वास बघा. संदीप सावंतांचा, २००४ चा. भारताकडून ऑस्करला गेला होता. आजोबा आणि नातू, दुसरं काही नको.

कृष्णाकाठची
काका, आजारी माणसाला श्वास सांगताय? लहान पोराच्या डोळ्याचा कॅन्सर बघून आजारी माणूस अजून खचेल. विश्रामबागकर, तुम्ही वाळवी बघा. परेश मोकाशींचा, २०२३ चा. दीड-दोन तास दुखणं विसराल.

गावभाग
खचत नाही, उलट बळ येतं. माझं बायपास झालं तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पाहिला. वाळवीत माणसं मरतात ते चालतं होय?

विश्रामबागकर
अहो, सिनेमाचं नाव विचारलंच नाही मी. टीव्ही साधा एलईडी, सात-आठ वर्षांचा. केबलनेच जोडलाय.

तंत्रवेडा_मिरज
टाइप-सी टू एचडीएमआय म्हणायचं का? म्हणजे एक टोक फोनच्या चार्जिंगच्या जागी, दुसरं टीव्हीत? गॅलरीतले फोटो टीव्हीवर दिसतात का?

विश्रामबागकर
हो, तीच. फोटो दिसतात. लग्नाचा व्हिडिओपण दिसतो. फक्त पैसे भरून घेतलेल्या ॲपवरचे सिनेमे काळे.

तंत्रवेडा_मिरज
मग फोन, केबल, टीव्ही सगळं ठीक आहे. हे सुरुवातीला सांगायचं होतं. सिनेमाचे हक्क विकत घेतलेले असतात, म्हणून ही ॲप चित्र कुलूपबंद पाठवतात. ते कुलूप उघडायची सोय, एचडीसीपी म्हणतात तिला, फोनपासून टीव्हीपर्यंत मधल्या प्रत्येक वस्तूत लागते. स्वस्तातल्या बहुतेक केबल फोनच्या स्क्रीनची नुसती नक्कल टीव्हीवर टाकतात. ॲपला ती चोरी वाटते, म्हणून चित्र काळं. आवाज बहुतेक वेळा अडवला जात नाही, म्हणून तो येतो. अजून दहा केबल आणल्या तरी हेच होणार.

पाटील_तासगाव
टेलिग्रामवर सगळे फुकट मिळतात की राव. पेनड्राइव्हवर घ्या आणि लावा टीव्हीला.

कृष्णाकाठची
असले सल्ले इथं देऊ नका. मराठी सिनेमाला आधीच शो मिळत नाहीत, त्यात हे.

सिस्टरताई
विषय सोडून विचारते, राग मानू नका. ताप कसला आहे? हात ठणकतात म्हणालात. रक्त तपासलं का?

विश्रामबागकर
डेंगी. रिपोर्ट आलाय, प्लेटलेट ९२ हजार. काल सकाळपासून ताप नाही, बरा आहे मी. ताई, टीव्हीचं कळलं की झालं.

पाटील_तासगाव
पपईच्या पानाचा रस प्या, दोन चमचे सकाळ-संध्याकाळ. आमच्या चुलत्याच्या प्लेटलेट दोन दिवसांत लाखाच्या वर गेल्या.

गावभाग
रस न पिताही गेल्या असत्या. माझ्या भावाच्या गेल्या.

सिस्टरताई
रसावरून भांडू नका, त्याहून महत्त्वाचं सांगते. डेंगीत ताप उतरला की माणसाला वाटतं सुटलो. पण ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तासच जपायचे असतात. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, लघवी कमी झाली, तर फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. पाणी, ओआरएस, नारळपाणी घेत राहा. आणि हात दुखतात त्यावर गोळी कुठली घेताय?

विश्रामबागकर
घरातलीच. मागे दाढ दुखत होती तेव्हा आणलेली. पॅरासिटामॉलच आहे.

सिस्टरताई
पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षरातलं वाचा. पूर्ण नाव लिहा इथं.

वाईकर
ते वाचेपर्यंत माझं ऐका. स्वदेस बघितलाय का, २००४ चा? आमच्या वाईजवळ मेणवलीला झालंय शूटिंग. कृष्णेचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा, दोन्ही तिथंच. बरं वाटलं की प्रत्यक्ष या बघायला, सांगलीहून काही लांब नाही.

गावभाग
सांगलीकराला घाट काय दाखवता? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर सांगलीत उभं केलं, मराठी नाटक इथूनच सुरू झालं.

वाईकर
घाटाचा आणि नाटकाचा काय संबंध, काका?

विश्रामबागकर
पॅरासिटामॉल आहे, पण सोबत आयब्युप्रोफेन ४०० असंपण लिहिलंय. काल दोन घेतल्या, आज सकाळी एक.

सिस्टरताई
ती आत्ताच बंद करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, डेंगीत यातलं काही चालत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. नुसतं पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. आत्ता त्यांना फोन लावा आणि किती गोळ्या घेतल्या ते स्पष्ट सांगा.

कृष्णाकाठची
दादा, फोन झाला की इथं लिहा हं. जीव टांगणीला लागलाय.

विश्रामबागकर
झाला फोन. डॉक्टर रागावले. गोळी बंद, सकाळी सातला पुन्हा रक्त तपासायचं, सीबीसी. रात्री काही वेगळं वाटलं तर दाखल व्हायला सांगितलंय. ताई, तुमचे उपकार आहेत. मी कोणाला सांगितलंच नव्हतं त्या गोळीचं, सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

तंत्रवेडा_मिरज
आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. घरात लॅपटॉप आहे का? असला तर साधी एचडीएमआय केबल लावा, विंडोजची खूण आणि पी एकदम दाबा, डुप्लिकेट निवडा. मग ब्राउझरमध्ये सिनेमा लावा. लॅपटॉपच्या पोर्टमधून ते कुलूप बहुतेक वेळा उघडतं. आवाज लॅपटॉपमधूनच आला तर आवाजाच्या चिन्हावर टीव्हीचं नाव निवडा. आणि मोबाइलच्या दीड जीबीवर चालवत बसू नका, एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत जातात. वायफाय नसेल तर चित्राचा दर्जा खाली आणा.

विश्रामबागकर
पुतणीचा आहे. तिला बोलावलंय.

विश्रामबागकर
लागला! चित्र, आवाज दोन्ही. पुतणीने वाळवी लावला. आई शेजारी पेजेची वाटी घेऊन बसलीय, वीस-वीस मिनिटांनी पाणी पाजतीय.

गावभाग
उद्या श्वास लावा.

विश्रामबागकर
सकाळचा रिपोर्ट आला. १ लाख ४ हजार. हिरड्या, पोट ठीक. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांनी परत तपासू. सिस्टरताई, हात अजून ठणकतात, पण पॅरासिटामॉलवरच आहे.

सिस्टरताई
बरं झालं. पाणी कमी करू नका.

तंत्रवेडा_मिरज
पुतणी लॅपटॉप घेऊन गेली की फायर स्टिक घ्या, टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची काडी, तिच्यातच सिनेमाची ॲप चालतात. तिला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका, जुन्या टीव्हीत ती पुरत नाही आणि मध्येच बंद पडते. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीत लावा.