चादर आणि शेंगाचटणीचे फोटो
विक्रीसाठी मोबाइलवर फोटो काढताना फ्लॅशमध्ये सोलापुरी चादरीची वीण दिसत नाही, काय करावं, असं एकाने विचारलंय. फ्लॅश बंदच करा. समोरून उजेड पडला की धाग्यांच्या सावल्या पुसल्या जातात. चादर खिडकीपाशी अंथरा, उजेड एका बाजूने कापडाला घासून आला पाहिजे. जकार्डची, म्हणजे मागावर विणतानाच काढलेली नक्षी लगेच उठून दिसते. टेरी, म्हणजे धाग्यांचे फासे वर असलेल्या टॉवेलचंही तेच. खोलीतली ट्यूब मात्र विझवा. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की लाल रंग खरा येत नाही, आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं!

शेंगाचटणीला उजेड मागून, तिरपा द्या. कुटताना सुटलेलं तेल तेव्हाच चकाकतं. पांढऱ्या बशीमुळे मोबाइल अख्खा फोटो काळपट करतो; चटणीवर बोट टेकवून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, किंचित वाढवा. त्यापेक्षा कडक भाकरीवरच चटणी ठेवली तर फारच छान.