ढाल दाराएवढी असते: शब्बाथ शाळेच्या आठ रविवारांवर घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी: जय ख्रिस्त सगळ्यांना. पुढच्या महिन्यापासून शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, आठ रविवार ‘आध्यात्मिक युद्ध’ हा विषय घ्यायचाय. ७ ते १० वयाचा एक वर्ग आणि ११ ते १५ चा दुसरा, प्रत्येकी ४० मिनिटं. आराखडा असा केलाय: पहिल्या रविवारी सैतान कोण, दुसऱ्या रविवारी दुरात्मे, मग सहा रविवार इफिसकरांस पत्रातल्या देवाच्या शस्त्रसामग्रीचा (उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण वगैरे) एकेक भाग. छापायला द्यायच्या आधी काय चुकतंय ते सांगा.

आत्या: अगं, ते पहिले दोन रविवार काढून टाक. सैतानापासून सुरुवात केलीस की सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तोच मोठा होऊन बसतो, आणि पुढचे सहा रविवार तुझे त्याची भीती काढण्यातच जातात. प्रेषित पौलाने हा विषय इफिसकरांस पत्राच्या शेवटी, सहाव्या अध्यायात घेतलाय. पहिल्याच अध्यायात ख्रिस्त सगळ्या सत्तांच्या वर बसलेला आहे हे सांगून टाकलं (१:२०-२१). मधल्या अध्यायांत खोटं बोलू नका, राग सूर्यास्तापर्यंत धरू नका, मग सहाव्याच्या सुरुवातीला आईबापांचं ऐका. एवढं झाल्यावर शस्त्रसामग्री. तो क्रम मोडू नकोस. तुझा पहिला रविवार कलस्सै २:१५, म्हणजे वधस्तंभावर त्या सत्ता आधीच नि:शस्त्र झाल्या. लढाई कशी संपली हे मुलाला आधी कळू दे.

काका: सूनबाई, आत्या म्हणते ते खरं आहे. त्यात तीन गोष्टी घाल. पहिली, इफिस ६:११, ६:१३ आणि ६:१४ वाचून बघ, तिथे ‘उभे राहा, टिकून राहा’ हेच पुन्हा पुन्हा आहे. दुरात्मे शोधत जा असं कुठेही नाही. मुलांना शत्रूची शिकार शिकवायची नाहीये, जागा न सोडणं शिकवायचंय. दुसरी, ती शस्त्रसामग्री देवाची आहे. यशया ५९:१७ मध्ये उरस्त्राण आणि शिरस्त्राण घालतो तो स्वतः परमेश्वर. हे सांगितलं नाही तर मुलाला वाटतं की आपण आठवडाभर चांगलं वागलो तर चिलखत मजबूत, एक चूक झाली की भोक पडलं. मग चूक झाली त्याच दिवशी ते प्रार्थना करायला घाबरतं. तिसरी, याकोब ४:७. त्यातलं ‘सैतानाला अडवा’ एवढंच पाठ करून घेतात. त्याच वचनात आधी ‘देवाच्या अधीन व्हा’ आहे. पाठांतर पूर्ण वचनाचंच घे.

वहिनी: काका, मग सैतानाबद्दल बोलायचंच नाही का? मोठ्या वर्गातली मुलं फोनवर भुतांचे व्हिडिओ बघून येतात. आपण गप्प राहिलो तर तेच त्यांचं शिक्षण होणार.

काका: बोलायचंच. तिसऱ्या रविवारी, आणि तो काय करतो यावर जास्त. कसा दिसतो यावर एक मिनिटही घालवू नकोस, शास्त्रही घालवत नाही. शिंगं-शेपटीचं चित्र फळ्यावर काढलं की धडा तिथेच संपला. २ करिंथ ११:१४ प्रमाणे तो तेजस्वी देवदूताचं सोंग घेतो, म्हणजे चित्रातला राक्षस ओळखायला शिकलेलं मूल खऱ्या मोहासमोर आंधळंच राहतं.

दादा: मोठ्या वर्गासाठी मी ‘खोटं आणि वचन’ कार्डं सुचवेन. बारा पुरेत. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, एका बाजूला मनात येणारं वाक्य जसं येतं तसं, दुसऱ्या बाजूला एकच वचन. उदाहरणार्थ, ‘आता माफी मागण्यात अर्थ नाही’ आणि मागे १ योहान १:९. ‘देवाने मला सोडलंय’, मागे रोम ८:३८-३९. ‘सगळेच करतात’, मागे रोम १२:२. वाक्यं मुलांकडून आधीच्या रविवारी निनावी चिठ्ठ्यांवर लिहून घ्यायची. मोठ्यांनी बसून तयार केलेली वाक्यं मुलांना पुस्तकी वाटतात, ती खेळतात पण आत काही जात नाही. चिठ्ठ्या वर्गात मोठ्याने वाचायच्या नाहीत, अक्षर ओळखू येतं. त्या फक्त शिक्षकाने बघायच्या आणि आपल्या अक्षरात कार्डावर उतरवायच्या.

आता यात एक धोका आहे. मुलं कार्डाचा मंत्र करतात. वाईट विचार आला, वचन म्हटलं, गेला पाहिजे. नाही गेला की ‘माझा विश्वास कमी’. म्हणून कार्डांच्या आधी मत्तय ४:१-११ घ्यायलाच हवं, आणि सावकाश. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६, ६:१३. पण वचन तर सैतानानेही म्हटलं, स्तोत्र ९१:११-१२. मुलांना मत्तय ४:६ आणि ते स्तोत्र शेजारी शेजारी उघडायला लाव आणि विचार, काय गाळलंय? सापडायला वेळ लागतो, लागू दे. ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळलेत. आणि तो थांबतो बाराव्या वचनावर, तेराव्यात साप पायाखाली तुडवायची गोष्ट आहे! हे मुलांनी स्वतः शोधलं की संदर्भ का वाचायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. येशूचं उत्तरही बघा, ‘असाही शास्त्रलेख आहे’. एका वचनाचा चुकीचा वापर त्याने दुसऱ्या वचनाने सरळ केला. आणि लूक ४:१३ वाचल्याशिवाय हा धडा संपवू नकोस, सैतान ‘संधी मिळेपर्यंत’ गेला. मोह परत येणं म्हणजे हरणं नव्हे.

आत्या: लहान वर्गाला ढाल करून द्या, पण नीट. बहुतेक ठिकाणी पुठ्ठ्याची ताटाएवढी गोल ढाल करतात, मुलं ती तलवारीसारखी फिरवतात, घरी जाईपर्यंत फाटते. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘थुरेऑस’, तो ‘थुरा’ म्हणजे दार या शब्दावरून आलाय. पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने रोमी ढालीसाठी हाच शब्द वापरून मापं दिलीत: अडीच फूट रुंद, चार फूट उंच, लाकडाचे दोन थर चिकटवलेले, वरून कापड आणि मग वासराचं कातडं. माणूस तिच्यामागे लपायचा.

मुलांसाठी ९० सेंमी उंच आणि ५५ सेंमी रुंद पुठ्ठा घ्या, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा, दुहेरी पन्हाळीचा. पन्हाळी उभ्या ठेवा, म्हणजे पुठ्ठा हलकासा बाकदार करता येतो. आडव्या ठेवल्या तर उभा बाक देताना मोडतो. मूठ चिकटवू नका, पाच मिनिटांत निघते. मध्यभागी चार बोटांच्या अंतराने दोन चिरा द्या, कापडी पट्टी आरपार घाला, पुढच्या बाजूला दोन्ही टोकांना घट्ट गाठी मारा आणि त्यावर कागदी वाटी डकवा. खऱ्या ढालीवरही तिथे गोलसर उंचवटा असायचा.

मग एका मुलाला एकट्याने उभं करा आणि दोन शिक्षकांनी दोन बाजूंनी, तीन मीटरवरून कागदाचे बोळे टाका. समोरचे अडतात, बाजूचे लागतात. आता चार मुलं ओळीत, प्रत्येक ढालीची कड शेजारच्या ढालीवर चार बोटं चढलेली. पुन्हा बोळे. इफिस ६:१०-१८ मधल्या आज्ञा अनेकवचनी आहेत, त्या एकट्याला नाहीत, मंडळीला म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांना मिळून आहेत, हे त्या बोळ्यांनी कळतं. खेळ दहा मिनिटांत आवरा. पुढे ताणलात की मारामारी सुरू होते आणि धडा हातातून जातो.

दादा: आणि ‘पाठीला चिलखत नाही, म्हणून पळायचं नाही’ हे शिकवू नका. ऐकायला छान वाटतं. पण रोमी चिलखत पाठही झाकायचं. पौल पाठीबद्दल काहीच बोलत नाही, एवढंच खरं. मुलं मोठी होऊन इतिहास वाचतात, तेव्हा धड्यातली एक गोष्ट पोकळ निघाली की बाकीच्यांवरही संशय येतो.

वहिनी: हे मीही लिहिलं होतं, खोडते. पुढचा प्रश्न. मोठ्या मुलांनी सभांमधून ‘सैताना, मी तुला बांधतो’ अशी ओरडून प्रार्थना ऐकलीय, आणि खेळताना एकमेकांवर हात ठेवून तेच करतात.

काका: खेळ म्हणून होतंय तोवर रागावू नकोस, पण वर्गात उघड घे. मत्तय १२:२९ मधला बलवान माणूस बांधणारा येशू स्वतः आहे. मत्तय १८:१८ मधलं बांधणं-सोडणं वाच, आजूबाजूला विषय मंडळीतल्या भावाने अपराध केला तर काय करायचं हा आहे. यहूदाच्या पत्रात ९ व्या वचनात आद्यदेवदूत मीखाएलही सैतानाला शिव्याशाप देत नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच म्हणतो. प्रेषितांची कृत्ये १९:१३-१६ मध्ये स्किवाच्या सात मुलांनी दुरात्मे घालवायला येशूचं नाव सूत्रासारखं वापरलं आणि उघडे, घायाळ होऊन पळाले. हा उतारा मुलांना नक्की आवडतो, पण तो घाबरवण्यासाठी वापरू नकोस. लगेच लूक १०:२० जोड: आत्मे वश होतात म्हणून आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलीत म्हणून करा. अधिकार येशूचा आहे हे आम्हीही मानतो. तो आवाजाच्या पट्टीवर चालत नाही, एवढंच मुलांना कळू दे. प्रभूच्या प्रार्थनेतलं ‘आम्हांला वाईटापासून सोडव’ हीच त्यांची रोजची युद्धाची प्रार्थना आहे, आणि ती त्यांना आधीच येते.

मामी: पिढीजात शापाचं काय सांगायचं? मुलं विचारतात, आजोबांनी केलेलं माझ्यावर येतं का.

काका: निर्गम २०:५ दाखवून तसं सांगतात खरं. पण २०:६ पुढे वाचा, दया हजारो पिढ्यांपर्यंत आहे. यहेज्केल १८:२० स्पष्ट आहे, बापाच्या अन्यायाचा भार मुलावर नाही. गलती ३:१३, ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला. योहान ९:३, जन्मांध माणसाचं दुखणं त्याच्या किंवा आईबापांच्या पापामुळे नव्हतं. घरातल्या सवयी मात्र पुढच्या पिढीत झिरपतात, दारू, खोटं, मारहाण. त्या सोडता येतात आणि त्यासाठी मदत घेता येते, असं सांगा. मुलाच्या खांद्यावर मेलेल्या माणसांचं ओझं ठेवू नका.

ताई: वहिनी, माझं ऐका, हे छापायच्या कागदात यायलाच हवं. मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती वेगवेगळे सांगितलेत. म्हणजे शास्त्रच प्रत्येक आजार दुरात्म्याच्या खात्यात टाकत नाही. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोडा द्राक्षारस घे म्हणतो (१ तीमथ्य ५:२३). झटके, आवाज ऐकू येणं, दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप आणि जेवण बिघडणं, स्वतःला इजा करणं किंवा मरणाबद्दल बोलणं, यात प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही न्या. स्वतःला इजा किंवा मरणाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी.

दुसरं चटकन लक्षात येत नाही. काही मुलं वाईट विचार ‘पुसायला’ तीच प्रार्थना वीस-वीस वेळा म्हणतात, एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर थोड्या वेळाने विचारतात, ‘मला देवाने माफ केलं ना?’ बाहेरून ती फार भक्तिमान दिसतात. तो मनाचा आजार असू शकतो. अशा मुलाला आणखी वचनं पाठ करायला दिली तर फेरा घट्ट होतो. त्याला उपचार हवेत. मनात नको असलेला विचार येणं म्हणजे पाप नव्हे, हेही एकदा शांतपणे सांगा.

तिसरं, कोणत्याही मुलासाठी बंद खोलीत ‘सुटकेची प्रार्थना’ नको. दोन मोठी माणसं, दार उघडं, पालकांना आधी माहीत. मुलाला धरून ठेवायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. आणि मूल घरात मार किंवा छळ होतो असं सांगत असेल, तर ते आध्यात्मिक युद्धाच्या धड्यात गुंडाळू नका. ते त्याच दिवशी जबाबदार माणसापर्यंत आणि कायद्यापर्यंत गेलं पाहिजे.

दादा: ताईच्या बोलण्यावरून एक. दोष लागल्यासारखं वाटतं तेव्हा तो पवित्र आत्म्याचा आवाज की आरोप, हे मोठ्या मुलांना ओळखता यायला हवं. प्रकटीकरण १२:१० मध्ये सैतानाला दोष देणारा म्हटलंय. त्याचा आरोप ढगासारखा असतो, ‘तू आहेसच वाईट’, आणि तो लपायला लावतो. पवित्र आत्मा नेमकी गोष्ट दाखवतो, ‘काल आईशी खोटं बोललास’, आणि वधस्तंभाकडे आणि आईकडे जायला लावतो. हा फरक फळ्यावर दोन रकान्यांत काढा. माझ्या मते आठ रविवारांत हा सगळ्यात कामाचा.

काका: शेवटच्या रविवारी ११ ते १५ च्या वर्गाला उभं राहून वळायला सांग. चौथ्या शतकात यरुशलेमच्या मंडळीत बाप्तिस्मा घेणारे पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारत, मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करत. मुलांचं दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वास जाहीर करण्याचा विधी, जवळ आलंय, ते वळणं अंगात बसेल. पण ओळीत सगळ्यांना सक्ती नको. ज्याला अजून बोलवत नाही त्याला बसू दे.

वहिनी: मग आराखडा बदलला. पहिला कलस्सै २:१५. दुसरा देवाची शस्त्रसामग्री, यशया ५९ सकट. तिसरा शत्रूची फसवणूक, चित्र नाही. चौथा आणि पाचवा मत्तय ४ आणि कार्डं. लहानांना त्याऐवजी ढाल आणि स्तोत्र ५६:३. सहावा दोन रकाने. सातवा सगळ्यांसाठी प्रार्थना, इफिस ६:१८. आठवा वळणं, लहानांना फक्त प्रभूची प्रार्थना. ताईंचे मुद्दे पालकांच्या पत्रात, पहिल्या रविवारच्या आधी.

आत्या: छान. पालकांच्या पत्रात एवढंही लिही. मूल रात्री उठून म्हणालं, ‘खोलीत कुणीतरी आहे’, तर ‘काही नाही, झोप’ नको आणि ‘सैतान असेल’ तर मुळीच नको. दिवा लावा, शेजारी बसा, पाणी द्या, काय दिसलं ते पूर्ण बोलू द्या. मग एक छोटी प्रार्थना, मुलाच्याच शब्दांत, एकदाच. दिवा तसाच राहू दे. सकाळी उजेडात तीच खोली मुलाबरोबर एकदा बघा, खुंटीवरचा कोट कुठे होता तेही. आठवडाभर रोज तेच झालं तर ताईला फोन.

ताई: आणि हा धडा संध्याकाळच्या वर्गात घेऊ नका. सकाळीच घ्या.

वहिनी: सकाळी ९ चा वर्ग घेते. फ्रिजचे खोके कुणाकडे आहेत? ढाली बारा लागतील.