पूरपट्ट्यात घराचा विमा सक्तीचा करावा का?

कृष्णाकाठचा
कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. तरी कुरुंदवाड-राजापूर भागात ‘घराचा विमा काढलाय का’ विचारलं की लोक हसतात. ‘शंभर वर्षांचा पूर होऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही’ ही समजूत मुळातच चुकीची. लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांच्या पुराची हद्द, तिथं दरवर्षी एक टक्का शक्यता. गेल्या साली पाणी आलं म्हणून यंदाची शक्यता घटत नाही. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांच्या पुराच्या हद्दीत, ती वर्षाला चार टक्के. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत तिथं एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के होते!

माझं मत सरळ आहे: या पट्ट्यात कर्ज देतानाच घराचा विमा सक्तीचा करा. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे, पूर त्यात धरलेलाच असतो. २०१९ ला ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार सानुग्रह मिळाले. तेवढ्यात गाळ निघतो, भिंत उभी राहत नाही.

ऊसवाला
दादा, घराचं ऱ्हाऊ दे. हितं माणूस बुडतो रानात. आपल्याकडं पीक विम्यात ऊस हायच न्हाई. सोयाबीन हाय, भुईमूग हाय, भात हाय. उसाच्या शेंड्यावरनं पाणी गेलं की वरच्या पानांच्या सुरळीत गाळ बसतो आणि कोंब कुजतो. सोसायटीचं कर्ज मात्र उभंच. विम्याचा हप्ता भरायला मी तयार हाय, पॉलिसी इकणारा दाखवा.

पाणीवाली
सक्ती कुणावर करताय? बुडणाऱ्यावरच? धरणातून पाणी कधी सोडायचं हे आम्ही ठरवत नाही, पुलांचे भराव आम्ही घातले नाहीत. विमा सक्तीचा झाला की पुढच्या पुरात मंत्री येऊन ‘पॉलिसी होती ना?’ म्हणणार आणि गाडीत बसणार. आधी कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं बोला.

कृष्णाकाठचा
@पाणीवाली ताई, अलमट्टीचं बोलूच. महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. आता तेच राज्य सरकार उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला विरोध करतंय. (कोणतं खरं मानायचं ते तुम्हीच सांगा.) पण हा वाद सुटेपर्यंत घर उघड्यावर का ठेवायचं? सरकारशी भांडा आणि पॉलिसीही काढा.

हप्तेवाला
या धंद्यात आहे म्हणून सांगतो. बरेच जण म्हणतात, ‘बँकेनं विमा काढलाय.’ कागद बघितला तर तो कर्जदार गेल्यावर कर्ज फेडण्याचा विमा निघतो, घराचा नाहीच. घराच्या विम्यात जागेची किंमत धरत नाहीत, फक्त बांधकामाचा खर्च धरतात, त्यामुळे हप्ता लोकांना वाटतो तेवढा नसतो. म्हशीचा विमा असेल तर कानातला बिल्ला जपा; म्हैस वाहून गेली, बिल्लाही गेला, की क्लेमला अडचण आलीच. आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका. इंजिनात पाणी गेल्यावर स्टार्टर मारला की नुसत्या फुल पॉलिसीवर इंजिनचे पैसे मिळणं अवघड.

पाणीवाली
हेच! अटी वाचायला वकील लागतो. पुरात माणूस आधी म्हातारी माणसं बाहेर काढेल की बिल्ला शोधेल?

आकडेमोड
मग विमा घरमालकानं नाही, सरकारनं काढावा. नागालँडनं राज्यासाठी तसा घेतलाय: ठरलेल्या मर्यादेपुढं पाऊस झाला की पैसे सुटतात, पंचनाम्याची वाट नाही. इथं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी धरता येईल.

ऊसवाला
राजाराम बंधारा कोल्हापुरात. तिथलं पाणी उतरलं तरी आमच्यात तुंबून ऱ्हातंय, कारण नरसोबाच्या वाडीच्या संगमावर कृष्णा पंचगंगेला आत घेत न्हाई. आकडा धरायचाच तर वाडीचा धरा. मग सक्तीलाबी माझी हरकत न्हाई.

पाणीवाली
माझी आहे. भाड्यानं राहणाऱ्यांचं काय? आमचं घर आमच्या नावावर नाही, बुडतं मात्र आमचं सामान.

हप्तेवाला
ताई, भाडेकरूला नुसत्या सामानाची पॉलिसी काढता येते. सोनं-नाणं आणि रोकड त्यात आपोआप येतं असं समजू नका, आणि फ्रिज-टीव्हीची बिलं फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. कपाटातली बिलं कपाटाबरोबरच भिजतात.